पप्पांचा रविवार शुक्रवारी यायचा

हा भाग तुम्ही बहुतेक लोकलमध्ये ऐकताय, किंवा भांडी घासताना. मी नेहमी इथे करिअर, पगार, स्विच, फ्लॅटमेटची भांडणं यावर बोलते. आजचा विषय जरा वेगळा आहे. घरापासून लांब असलेली माणसं जवळ कशी ठेवायची, हा तो विषय. आणि माझ्या बाबतीत त्याचं उत्तर चर्चमध्ये सापडलं, त्यामुळे चर्चबद्दल बोलावं लागणार. धर्मप्रचार वगैरे काही नाही, टेन्शन घेऊ नका. तुमच्या घरी गणपतीत अमेरिकेतल्या काकाला व्हिडिओ कॉलवर घेऊन आरती होत असेल, तर मी काय म्हणतेय ते तुम्हाला अर्धं आधीच माहीत आहे.

आधी थोडी ओळख. मी वसईची. पापडीच्या पुढे आमचं गाव, केळीच्या वाड्यांमधलं. आम्ही मराठी कॅथलिक. "तू ख्रिश्चन आहेस? पण मराठी किती छान बोलतेस!" हे वाक्य मी कॉलेजपासून इतक्या वेळा ऐकलंय की आता हसून सोडून देते. अहो, १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. पोर्तुगीज गेले, आम्ही इथेच राहिलो, आमची भाषाही राहिली. माझी आजी घरात कादोडी बोलायची आणि प्रार्थना मराठीत करायची. २०२० साली धाराशिवला साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, ते आमच्या वसईचेच. तेव्हा आजीने टीव्हीसमोरची खुर्ची दिवसभर सोडली नव्हती.

मी २०१९ मध्ये बी.टेक. झाले आणि ऐरोलीत पहिली नोकरी लागली. राहायला घणसोलीला, पीजीमध्ये. वसई काही परदेश नाही हो, पण घणसोली ते ठाणे, ठाणे ते दादर, दादर ते वसई रोड, मग पुढे रिक्षा. अडीच तास धरा, मेगाब्लॉक असेल तर देवाचं नाव घ्या. त्यामुळे घरी जाणं महिन्यातून एकदा.

आणि पप्पा कुवेतला. मी चार वर्षांची असल्यापासून. रिफायनरीच्या मेंटेनन्सचं काम. दोन वर्षांतून एकदा महिन्याभराची सुट्टी. माझ्या लहानपणीचे पप्पा म्हणजे फोनमधला आवाज, खजूर, आणि विमानतळावरचा एक माणूस, ज्याच्या जवळ जायला पहिले दोन दिवस लाज वाटायची. यात रडकथा नाही. आमच्या आळीत असे पप्पा दर चार घरांत एक होते.

पप्पांचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. जेवलीस का, अभ्यास कसा, पैसे मिळाले का. आणि मग तो प्रश्न: "आजचं शुभवर्तमान कुठलं होतं?"

हे थोडं समजावते. कॅथलिक मिस्सेत दर रविवारी बायबलमधली ठरलेली वाचनं असतात आणि शेवटचं वाचन शुभवर्तमानातलं, म्हणजे येशूच्या आयुष्यातलं. ही वाचनं त्या त्या फादरच्या मर्जीने ठरत नाहीत. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, १९६९ साली, एक वाचनक्रम तयार झाला. रविवारांसाठी तीन वर्षांचं चक्र: ए, बी, सी. ए वर्षी मुख्यतः मत्तय, बी वर्षी मार्क, सी वर्षी लूक, आणि योहान मधेमधे, विशेषतः ईस्टरच्या काळात. तीन वर्षं संपली की पुन्हा ए. आमच्या भाषेत बोलायचं तर जगभर एकच रिपॉझिटरी आणि सगळे सर्व्हर सिंकमध्ये. वसईत जे वाचलं जातं तेच त्या रविवारी वाशीत, मनिलात, नैरोबीत. भाषा वेगळी, पान तेच.

आजीच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. ती म्हणायची, एक अक्षर कळायचं नाही, पण मुंबईत गेलो तरी तेच न कळणं असायचं, त्यामुळे परकं वाटायचं नाही. मला हे फार आवडायचं. आता लॅटिन गेलं, मराठी आली, आणि सगळ्यांना बांधणारी गोष्ट म्हणून ही वाचनं राहिली.

तर पप्पांचा प्रश्न. शाळेत असेपर्यंत ठीक होतं, कारण आजी चर्चला ओढूनच न्यायची. कॉलेजपासून मी जाणं सोडलं. भांडून वगैरे नाही. रविवारी झोप महत्त्वाची होती, बस. पण पप्पांना सांगायची हिंमत नव्हती. मग मी आमच्या पेशाला शोभेल असा मार्ग काढला: फोन यायच्या आधी वाचनं शोधायची आणि ठोकून द्यायची. मनातून मला त्या प्रश्नाचा राग यायचा. वाटायचं, बाबा, तुम्ही वीस वर्षं लांब बसून माझी हजेरी घेताय. माझा ब्रेकअप झालाय, माझा मॅनेजर छळतोय, ते विचारा ना. पण ते विचारायची सवय आमच्यात नव्हती. ना त्यांना, ना मला.

ऑक्टोबर २०१९ मधली गोष्ट. तारीख आठवते, २७ ऑक्टोबर, कारण त्या दिवशी दिवाळी होती आणि पीजीत मी एकटीच उरले होते. फोन आला. मी आधीच मोबाइलवर एक पीडीएफ पाहून ठेवली होती. म्हटलं, "बार्तिमय. तो आंधळा भिकारी, रस्त्याच्या कडेला बसून येशूला हाका मारतो आणि लोक त्याला गप्प करतात, ते." वर अर्धा मिनिट प्रवचनही ठोकलं की फादर म्हणाले, आपणही असेच ओरडायला लाजतो वगैरे. पप्पा ऐकत होते. म्हणाले, "हो का? छान." फोन ठेवला.

ती पीडीएफ आदल्या वर्षीची होती. बी वर्षाची. २०१९ हे सी वर्ष. त्या रविवारचं खरं शुभवर्तमान लूकचं होतं: मंदिरात प्रार्थनेला गेलेले दोघे, एक परुशी, जो स्वतःच्या धार्मिकतेची यादी देवाला वाचून दाखवतो, आणि एक जकातदार, जो मान खाली घालून मागे उभा राहतो. म्हणजे देवाधर्माचा देखावा करणाऱ्या माणसाची गोष्ट ज्या दिवशी होती, त्याच दिवशी मी देखावा केला. आणि मला ते तेव्हा कळलंही नाही.

पप्पांना मात्र कळलं होतं. कारण त्यांनी ते वाचन दोन दिवस आधीच ऐकलं होतं. कुवेतमध्ये रविवार कामाचा दिवस, सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे तिथली चर्चेस रविवारची मिस्सा शुक्रवारी करतात, रविवारच्याच वाचनांसकट. शुक्रवारी सकाळी कंपनीच्या कॅम्पातून बस निघायची, त्यात केरळचे, गोव्याचे, फिलिपिन्सचे, आमच्या वसईचे लोक. पप्पांचा रविवार माझ्या दोन दिवस आधी यायचा. ते शुक्रवारी जे ऐकायचे, ते दोन दिवस मनात घोळवायचे आणि रविवारी मला विचारायचे. मला वाटायचं हजेरी घेतायत. ते खरं तर ताळा जुळवत होते, की आपण दोघांनी या आठवड्यात एक तरी गोष्ट सारखी ऐकली का.

हे मला आत्ता कळतं. तेव्हा नाही.

मग २०२०. मार्चमध्ये सगळं बंद. चर्चही. पोप फ्रान्सिस २७ मार्चला पावसात, संपूर्ण रिकाम्या चौकात उभे राहून प्रार्थना करत होते, तो व्हिडिओ तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल, कॅथलिक नसलात तरी. मिस्सा यूट्यूबवर आली. मी घणसोलीत अडकले, आमची बिल्डिंग कंटेनमेंटमध्ये, खाली बांबू बांधलेले. आई आणि आजी वसईला. पप्पा कुवेतला, विमानं बंद.

६ मे, बुधवार. आजी गेली. कोरोना नव्हता, वय होतं, झोपेत गेली. सकाळी आईचा फोन आला आणि मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर ई-पासचा फॉर्म उघडला. तो मिळाला नाही. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. आमच्याकडे मयताला अख्खं गाव असतं, बँड असतो, गाणी असतात. आजीच्या मागे वीस माणसं चालली, तीही लांब लांब.

चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला. एका चौकटीत मी, एका चौकटीत पप्पा. त्यांच्या आईला मातीत ठेवत होते आणि ते कॅम्पातल्या बंक बेडवर बसून, गुडघ्यावर फोन टेकवून बघत होते. मागे कुणाची तरी वाळत घातलेली बनियन. नेटवर्क तुटायचं, चित्र थांबायचं. माती टाकायच्या वेळी चित्र थांबलं ते थांबलंच. नुसता आवाज येत होता. पप्पांनी हातातलं काहीतरी खाली टाकल्यासारखं केलं. मूठभर माती टाकतात ना, तसं. हात रिकामा होता.

त्यावर आम्ही दोघं काहीही बोललो नाही.

शुक्रवारी, ८ तारखेला, त्यांचा फोन आला. शुक्रवारी ते कधी फोन करत नसत. चर्च बंदच होतं, पण त्यांनी सवयीने मोबाइलवर रविवारची वाचनं काढली होती. म्हणाले, "बाय, रविवारचं शुभवर्तमान वाच. आत्ता वाच." ईस्टरच्या काळातला पाचवा रविवार, ए वर्ष. योहानाचा चौदावा अध्याय. येशू जायच्या आदल्या रात्री शिष्यांना धीर देतो. सांगतो की पित्याच्या घरात भरपूर जागा आहे आणि मी पुढे जातोय तो तुमची सोय करायला. तिथे थॉमस मध्येच तोंड उघडतो: तुम्ही कुठे चाललात तेच माहीत नाही, तर वाट कशी कळणार? म्हणजे लोकेशन पाठवा म्हणतोय बिचारा. मला बारापैकी तोच कायम आपला वाटतो, इंजिनिअर असता तो.

मी वाचत होते आणि पप्पा पलीकडे गप्प होते. मग ते म्हणाले, "आई कुठे गेली माहीत नाही म्हणून मला दोन रात्री झोप नाही. तुला येते का झोप?" माझ्या आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा असं काही विचारलं. आम्ही दीड तास बोललो. आजीबद्दल, त्यांच्या लहानपणाबद्दल, त्यांनी मला सोडून जाण्याबद्दलसुद्धा. आणि तेव्हाच त्यांनी सांगितलं, हसत हसत, की बार्तिमय मागच्या वर्षी होता गं.

१० तारखेला, त्या रविवारी, मी पीजीच्या खोलीत लॅपटॉपवर आमच्या गावच्या चर्चची मिस्सा लावली. त्याच दिवशी कुवेतने पूर्ण संचारबंदी लावली, तीन आठवड्यांची. तिथे साडेसहा, इथे नऊ. पप्पांनी तीच लिंक उघडली, आईने घरी टीव्हीवर. वाचन आलं, तेच. रिकाम्या चर्चमध्ये फादर एकटे वाचत होते आणि मागे आमच्या गावचे कावळे ओरडत होते. ते कावळे ऐकून मी रडले, वाचन ऐकून नाही, खरं सांगते.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे. यूट्यूबवरची मिस्सा ही मिस्सा नव्हे, असं चर्चचं स्पष्ट मत आहे. २००२ सालीच व्हॅटिकनने इंटरनेटवर एक दस्तऐवज काढला होता, त्यात साधी गोष्ट सांगितलीय: इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. ख्रिस्तप्रसाद डाउनलोड होत नाही. लांब असलेल्याने मनातून तो मागायचा, त्याला आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद म्हणतात. ही पद्धत जुनी आहे, पोप फ्रान्सिस लॉकडाऊनमध्ये रोज सकाळच्या थेट प्रक्षेपणात लोकांकडून तीच प्रार्थना करून घ्यायचे. मला सुरुवातीला हा नियम कडक वाटला. नंतर पटला. कारण दोन-तीन महिन्यांत मी मिस्सा लावून कपडे घडी घालू लागले होते, प्रवचन दीडपट वेगाने ऐकू लागले होते. स्क्रीनवरचं काहीही शेवटी बॅकग्राउंडला जातं. आणि त्या 'मागण्या'त एक कबुली असते की मी तिथे नाहीये, मला तिथे असायचंय. पप्पांच्या रिकाम्या मुठीसारखं.

माझी एक मैत्रीण आहे, पक्की नास्तिक. ती म्हणाली, "म्हणजे हे कॉमन कॅलेंडर झालं. तुम्ही दोघांनी दर आठवड्याला एकच वेब सिरीज बघितली असती तरी चाललं असतं." मी बराच विचार केला. अर्धं तिचं बरोबर आहे. पण सिरीज बघून मेलेल्या माणसाशी बोलता येत नाही. मिस्सेत मृतांची आठवण रोज होते, दर मिस्सेत, त्यासाठी वर्षश्राद्धाची वाट बघावी लागत नाही. आमची श्रद्धा अशी की जिवंत, मेलेले, स्वर्गातले संत हे सगळे एकाच प्रार्थनेत एकत्र उभे असतात. कम्युनियन ऑफ सेंट्स म्हणतात, मराठीत संतांची संगत म्हणा हवं तर. हे सिद्ध करून दाखव म्हणशील तर मला येत नाही. पण त्या दोन मिनिटांत पप्पा, आई आणि आजी या तिघांना मी एकाच वाक्यात घेऊ शकते. बाकी कुठल्याच वाक्यात ते तिघं आता एकत्र येत नाहीत.

आणि हे लांब राहणं आमच्यात नवं नाहीच. वसईचा संत गोन्सालो गार्सिया. इथे जन्मला, पोरगा असताना जपानला गेला, व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. १८६२ साली संत म्हणून जाहीर झाला. आमच्याकडे घराघरात त्याचा फोटो असतो. लहानपणी मला तो हुतात्मा वगैरे वाटायचा नाही, मला तो परदेशात कामाला गेलेला आणि परत न आलेला कुणाचा तरी मुलगा वाटायचा. उलट बाजूचा माणूस म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, सुमारे अकरा हजार ओव्या, १६१६ साली छापलं गेलं. ते इंग्लंडचे. १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले आणि नोव्हेंबरमध्ये वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं, समुद्रप्रवासाची सगळी हकिगत. परत कधी गेले नाहीत, इथेच वारले. त्यांच्या वडिलांकडे व्हॉट्सॲप नव्हतं. वर्षातून एखादं जहाज.

असो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. मी वाशीला सेक्रेड हार्ट चर्चमध्ये जाऊ लागले. सवय म्हणून सुरू केलं, पण तिथे मला एक दृश्य दिसलं, ते अजून दर रविवारी दिसतं. मिस्सा संपली की बाहेर आवारात अर्धे लोक फोनवर असतात. मल्याळी नर्सेस, तमिळ कुटुंबं, झारखंडहून आलेल्या मुली, ज्या इथल्या टॉवरमध्ये घरकाम करतात आणि रविवारचे दोन तास मिळवतात. सगळ्या भिंतीला टेकून, एका कानावर हात ठेवून, आपापल्या भाषेत. एकदा मी एका मुलीला विचारलं, रोज नाही का बोलत घरी? म्हणाली, रोज बोलतो, पण रविवारी बोलायला काहीतरी असतं.

आजीच्या पहिल्या वर्षी मला तिच्या नावाची मिस्सा ठेवायची होती, तर दुसरी लाट आली, पुन्हा सगळं बंद. ती २०२२ मध्ये ठेवली. ऑफिसात नाव लिहून दिलं. मिस्सेच्या वेळी वाचणाऱ्याने नावाचा उच्चार असा काही केला की मी क्षणभर मागे वळून पाहिलं, ही कोण बाई. पप्पांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांच्या रूममेटने विचारलं काय झालं. आणि ७ मे २०२३ ला, तीन वर्षांचं चक्र पूर्ण होऊन, योहानाचा चौदावा अध्याय परत आला. मी तयार नव्हते. वाशीच्या गर्दीत, पंख्याखाली, मास्क नसलेल्या दोनशे माणसांमध्ये थॉमसने पुन्हा पत्ता विचारला.

आता खरी गंमत. डिसेंबर २०२४ मध्ये पप्पा कायमचे परत आले. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आम्ही शेजारी शेजारी बसून केली, माझ्या आयुष्यात पाचव्यांदा की सहाव्यांदा. मला वाटलं होतं आता सगळं पूर्ण झालं. आणि घरी आल्यावर आम्हाला बोलायला काही सुचेना. जेवलीस का विचारायची सोय नाही, समोरच जेवत होते. पैसे मिळाले का विचारायची गरज नाही. फोनवर दीड तास बोलणारी माणसं सोफ्यावर बसून टीव्ही बघत होती. महिनाभर मी घरी गेले की हेच. आई म्हणाली, "तुम्ही दोघं आत जाऊन एकमेकांना फोन करा बघू." मला त्याचं खूप वाईट वाटलं. वाटलं, मी एका आवाजावर प्रेम करत होते की काय.

त्यातून वाट पप्पांनीच काढली, ठरवून नव्हे. मागच्या वर्षी लेंटमधल्या एका शुक्रवारी, सकाळी सहा वाजता, मला त्यांची व्हॉइस नोट आली. वसईहून घणसोलीला. दोन मिनिटांची. रविवारचं शुभवर्तमान कुठलं आहे आणि त्यांना त्यातलं काय कळलं नाही. त्यांना इथे शुक्रवारी चर्चला जायचं कारण नाही, पण वीस वर्षांची सवय, जाग येते आणि वाचनं उघडली जातात. मी ऐरोलीला उतरेपर्यंत ऐकते, जिन्यावर उत्तर रेकॉर्ड करते. रविवारी घरी गेले तर मिस्सेनंतर वाडीत फिरताना तेच पुढे चालू. आता बोलणं जमतं. फक्त त्याची सुरुवात अजून शुक्रवारीच व्हावी लागते.

सध्या पुन्हा लेंट चालू आहे, आणि पुन्हा ए वर्ष. ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे पाचवा रविवार ३ मेला. तीन दिवसांनी ६ मे, आणि योगायोग बघा, २०२० सारखाच बुधवार. पप्पांनी गावच्या चर्चमध्ये त्या रविवारी पहिलं वाचन करायला नाव दिलंय. शुभवर्तमान फादरच वाचतात, त्यामुळे थॉमस काही त्यांच्या वाट्याला येणार नाही, याची त्यांना जरा खंत आहे. मी रजा टाकलीय, बुधवारपर्यंत. मॅनेजरने कारण विचारलं, मी 'फॅमिली' लिहिलं.

आजच्या नोटमध्ये ते बोलताना मागे चर्चची घंटा वाजली आणि ते मधेच थांबले. घंटा संपेपर्यंत रेकॉर्डिंग चालूच होतं. मग म्हणाले, "हां. तर कुठे होतो मी?"